नवजातांची परिचारिका

रुग्ण वैद्याकडे आला, की वैद्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'काय होते आहे?' रुग्ण आपले दुखणे सांगतो. पोट दुखत असले तर पोटावर हात ठेवतो, धाप लागत असली तर तसे बोलून दाखवितो. तीन-चार वर्षांचे मूलसुद्धा 'इथे दुखते' एवढे तरी सांगू शकते. परंतु जगात असाही एक रुग्ण आहे, की ज्याला बोलता येत नाही, बोट दाखविता येत नाही आणि पुष्कळदा मोठ्याने रडण्याइतकेही बळ ज्याच्या अंगी नसते. नुकतेच जन्मलेले, त्यातही दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले अर्भक हा तो रुग्ण होय. त्याचे दुखणे त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला तरी ओळखावे लागते. डॉक्टर ठराविक वेळी येतात, तपासतात, उपचार ठरवितात आणि पुढच्या रुग्णाकडे वळतात. आठही प्रहर पाळीपाळीने त्या अर्भकापाशी उभी असते ती परिचारिका. सर्वजण तिला 'सिस्टर' म्हणतात. मुक्या रुग्णाची ही भाषा वाचणे, हे तिचे खरे काम आहे.

जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बालकाला वैद्यकशास्त्र 'नवजात' म्हणते. गर्भवासाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जे जन्मते ते अपुऱ्या दिवसांचे, आणि ज्याचे वजन २,५०० ग्रॅमपेक्षा कमी भरते ते कमी वजनाचे मानले जाते. काही अर्भके तर १,००० ग्रॅम वजनाची, म्हणजे वाण्याच्या दुकानातील साखरेच्या एका पुड्याएवढी असतात. अशा अर्भकाची त्वचा इतकी पातळ असते, की खालच्या रक्तवाहिन्या निळसर रेघांसारख्या दिसाव्यात. मोठ्या माणसाच्या बोटातील अंगठी कित्येकदा त्याच्या मनगटात कंकणासारखी सरकते.

एवढ्याशा देहाला जगण्यासाठी प्रथम हवी असते ऊब. मोठ्या माणसाला थंडी वाजली, की तो कुडकुडतो आणि त्या कुडकुडण्यातून उष्णता निर्माण होते. अर्भकाला कुडकुडता येत नाही. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे त्याच्या अंगची उष्णता भराभर निघून जाते. गार पडलेले अर्भक आपल्याजवळची थोडीशी साखर आणि प्राणवायू अंग तापविण्यातच खर्च करून टाकते. म्हणून त्याला कोरडे पुसणे, डोक्याला टोपी घालणे आणि काचपेटीत किंवा उष्णता देणाऱ्या दिव्याखाली ठेवणे, ही पहिली कामे होत. हे शहाणपण तसे जुनेच. पॅरिसमधील स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने कोंबडीची अंडी उबविण्याचे यंत्र प्राणिसंग्रहालयात पाहिले आणि तशीच पेटी अर्भकांसाठी बनवून घेतली. १८८० च्या सुमारास ती तेथील सूतिकागृहात वापरात आली.

दुसरी अडचण श्वासाची. फुप्फुसांतील वायुकोश मिटून एकमेकांना चिकटू नयेत, म्हणून त्यांच्या आत एका स्निग्ध द्रवाचा थर असतो. हा थर गर्भवासाच्या शेवटच्या आठवड्यांत पुरेसा तयार होतो. त्याआधी जन्मलेल्या अर्भकाला प्रत्येक श्वास घेताना ओल्या, चिकटलेल्या पिशव्या फुगवाव्यात तसे कष्ट पडतात. १९६३ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना पुत्र झाला. तो सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला होता आणि त्याचे वजन दोन किलोहून थोडे अधिक होते. राष्ट्राध्यक्षाच्या मुलाला कोणते साहाय्य कमी पडणार? तरीही याच विकाराने तो दोन दिवसांच्या आत दगावला. पुढे १९८० साली जपानमधील फुजिवारा यांनी तो स्निग्ध द्रव बाहेरून फुप्फुसांत सोडून अर्भके वाचविता येतात, असे दाखवून दिले. आज तेवढ्या वजनाचे अर्भक सुसज्ज रुग्णालयात बहुधा वाचते.

औषध आणि यंत्र आले, तरी श्वासाची काळजी तेवढ्याने मिटत नाही. अपुऱ्या दिवसांचे अर्भक मधूनच श्वास घ्यायचे विसरते. मेंदूतील श्वासाचे नियंत्रण अजून कच्चे असते. वीस सेकंद, पंचवीस सेकंद जातात, अंग निळे पडू लागते, यंत्राची घंटा वाजते. अशा वेळी परिचारिका प्रथम काय करते? धावाधाव नव्हे. ती अर्भकाची मान सरळ करते आणि त्याचा तळवा किंवा पाठ हलकेच चोळते. बहुतेक वेळा अर्भक दचकून पुन्हा श्वास घेऊ लागते. तसे झाले नाही तरच पुढचे उपाय. किती वेळ श्वास थांबला, रंग कसा होता, स्वतःहून परत आला की चोळावे लागले, हे सारे ती लगेच लिहून ठेवते. कारण ज्या अर्भकाचा श्वास काल दोनदा थांबला आणि आज आठदा थांबला, त्याच्या अंगात जंतुसंसर्ग सुरू झालेला असण्याचा संभव असतो.

येथे गणिताचा संबंध येतो. परिचर्येला कोमल हृदय पुरते, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी हा हिशेब पाहावा. १ किलो वजनाच्या अर्भकाच्या सर्व शरीरात मिळून ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे चहाचा एक लहान कप. तपासणीसाठी त्यातून २ मिलिलिटर रक्त काढणे, हे मोठ्या माणसाच्या अंगातून सुमारे १२० मिलिलिटर काढण्यासारखे आहे. म्हणून काढलेल्या प्रत्येक थेंबाची नोंद होते. त्याच अर्भकाला पहिल्या दिवशी किलोमागे ८० मिलिलिटर द्रव शिरेतून द्यावयाचा ठरला, तर ८० ला २४ ने भागून तासाला ३.३ मिलिलिटर हा वेग येतो. दशांशचिन्ह एक घर सरकले, तर तो ३३ होईल आणि अर्भकाच्या जिवाशी गाठ पडेल. यासाठी औषधाची मात्रा दोघींनी स्वतंत्रपणे मोजून ताडून पाहावी, असा चांगल्या रुग्णालयांचा शिरस्ता आहे. शाळेत दशांश अपूर्णांक कशाला शिकावयाचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगले उत्तर सापडणे कठीण.

आता त्या मुक्या भाषेकडे वळू. अर्भकाच्या नाकपुड्या फुलू लागल्या, बरगड्यांखाली प्रत्येक श्वासासरशी खळगा पडू लागला आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला, तर त्याला श्वास घेणे जड जात आहे. कपाळाला आठ्या, डोळे घट्ट मिटलेले आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत खोल वळी, ही वेदनेची खूण. अर्भकांना वेदना कळत नाहीत अशी समजूत डॉक्टरांमध्येही दीर्घकाळ होती, आणि शस्त्रक्रियेच्या वेळीदेखील त्यांना पुरेशी भूल दिली जात नसे. डॉ. कन्वलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे केलेले संशोधन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि ही समजूत चुकीची ठरली. सर्वांत अवघड असते ती खूण, जिला नाव देता येत नाही. काल ओढीने दूध पिणारे बाळ आज पीत नाही, हातापायांची चाळवाचाळव मंदावली आहे, पावले गार लागतात. यंत्रावरचे सर्व आकडे अजून ठीक असतात. पण अनुभवी परिचारिका डॉक्टरांना बोलावून सांगते, 'आज हे बाळ मला बरे दिसत नाही.' समंजस डॉक्टर हे वाक्य कधी हसण्यावारी नेत नाहीत.

अशा डोळस पाहण्यातून केवढे कार्य घडू शकते, याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड येथील रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचा विभाग सिस्टर जीन वॉर्ड यांच्याकडे होता. कोंदट, गरम खोलीपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवते, असे त्यांचे मत होते. उबदार दिवस असला, की त्या अर्भकांना अंगणात नेत आणि डॉक्टरांची फेरी सुरू होण्यापूर्वी परत आणीत. १९५६ च्या उन्हाळ्यात एके दिवशी फेरीवर आलेल्या डॉक्टरांना त्यांनी एक बाळ उघडे करून दाखविले. बाळाचे अंग फिकट होते. पण एका ठिकाणी त्रिकोणी आकाराचा भाग गडद पिवळा होता. 'सिस्टर, हे कशाने रंगविलेत?' असे डॉक्टरांनी विचारले. आयोडिन लावले असावे, असा त्यांचा तर्क होता. सिस्टर म्हणाल्या, की हे उन्हामुळे झाले असावे. डॉक्टरांना वाटले, त्या उन्हाने रापण्याविषयी बोलत आहेत. प्रत्यक्षात गोष्ट नेमकी उलट होती. बाळाला कावीळ होती. उन्हात उघडे राहिलेले अंग निवळले होते आणि चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला त्रिकोण मात्र पिवळाच राहिला होता.

त्या दिवशी ही गोष्ट तेथेच थांबली. काही आठवड्यांनी कावीळ झालेल्या दुसऱ्या एका अर्भकाच्या रक्ताची नळी चुकून खिडकीच्या उन्हात कित्येक तास पडून राहिली आणि तपासणीत त्यातील पिवळे द्रव्य अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाले. तेव्हा सिस्टरांनी दाखविलेल्या त्रिकोणाची आठवण झाली. प्रयोग सुरू झाले, आणि १९५८ साली क्रेमर, पेरिमन व रिचर्ड्स यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रकाशोपचाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. प्रकाशामुळे ते पिवळे द्रव्य अशा रूपात बदलते, की अपक्व यकृताच्या मदतीवाचूनही ते शरीराबाहेर पडू शकते. ते फार वाढले तर मेंदूला इजा करते. मूल बहिरे होते, हातापायांवरचा ताबा जातो. त्या काळी यावर अर्भकाचे रक्त बदलणे हाच मोठा उपाय होता. आज जगभरच्या रुग्णालयांत निळ्या दिव्यांखाली डोळ्यांवर पट्टी बांधून निजलेली बाळे दिसतात, ती या शोधामुळेच. आपल्याकडे घरोघरी बाळाला कोवळे ऊन दाखविण्याची रीत आहे. ती वाईट नाही. पण वाढलेल्या काविळीवर तेवढे ऊन पुरत नाही. पिवळेपणा पोटापर्यंत, तळव्यांपर्यंत उतरला असेल तर रुग्णालय गाठणेच योग्य.

परंतु मायाळूपणा आणि निरीक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दाखविणारी दुसरी हकीकत याच काळातील आहे. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत आणि इतर प्रगत देशांत अपुऱ्या दिवसांची पुष्कळ मुले आंधळी होऊ लागली. कारण कळेना. वॉशिंग्टनमधील डॉ. अर्नॉल पॅट्झ यांना संशय आला, की अर्भकांना सढळ हाताने दिल्या जाणाऱ्या प्राणवायूमुळेच डोळ्यांच्या आतील पडद्यावर विकृत रक्तवाहिन्या वाढत असाव्यात. १९५१ च्या सुमारास त्यांनी प्रयोग आरंभिला : काही अर्भकांना नेहमीप्रमाणे भरपूर प्राणवायू आणि काहींना गरजेपुरताच. तेथील काही परिचारिकांना हे क्रूरपणाचे वाटले. बाळ गुदमरेल या भीतीने त्या रात्री गुपचूप प्राणवायूची कळ वाढवून ठेवीत. त्यांच्या मनात वात्सल्याशिवाय दुसरे काही नव्हते. आणि तरीही जे त्या वाढवीत होत्या तेच डोळे घालविणारे होते. पुढे १९५३-५४ मध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या परीक्षणात पॅट्झ यांचा संशय खरा ठरला. तोपर्यंत जगात सुमारे १०,००० मुलांची दृष्टी गेली होती.

त्यानंतर प्राणवायू फारच तोडून दिला गेला, तेव्हा काही अर्भके त्यावाचून दगावली. अर्थात खरी अडचण मध्यम मार्ग सापडण्याची होती. आज अर्भकाच्या पायाला किंवा हाताला एक लहानशी तांबड्या प्रकाशाची पट्टी बांधतात. तिच्यावरून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण शेकड्यात कळते. प्राणवायूवर असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या अर्भकात ते साधारणतः ९० ते ९५ यांच्या दरम्यान राखावयाचे असते. परीक्षेत शंभरपैकी शंभर मिळाले तर आनंद होतो; येथे मात्र पडद्यावर १०० हा आकडा दिसला, की परिचारिका अस्वस्थ होते आणि प्राणवायू कमी करते.

यंत्रांच्या या गर्दीत माता कोठे असते? पुष्कळ वर्षे ती दाराबाहेर होती. जंतू येतील म्हणून तिला काचेतून बाळ पाहावे लागे. १९७८ साली कोलंबियाच्या बोगोता शहरात काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी मातांच्या उघड्या छातीवर बाळांना उभे बांधून ठेवण्यास आरंभ केला. कांगारू आपले पिल्लू पिशवीत वागविते, त्यावरून या पद्धतीला नाव मिळाले. गरजेतून निघालेली ही युक्ती पेटीच्या तोडीची ठरली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारत आणि आफ्रिकेतील चार देशांची रुग्णालये होती. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यांपैकीच. १ ते १.८ किलो वजनाच्या अर्भकांना जन्मल्यावर लगेच मातेच्या उराशी ठेवले, तर त्यांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात, असे त्यातून निष्पन्न झाले. त्यासाठी मातेची खाट दक्षता विभागातच आणावी लागते. मातेला दाराशी अडविणारी परिचारिका आता तिची शिक्षिका झाली आहे : मान कशी सावरावी, नळी न ओढता बाळ कसे उचलावे, हात कोपरापर्यंत कसे धुवावेत.

आणि दूध. ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या अर्भकाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ सहसा साधत नाही. त्याला नाकातोंडातून पोटापर्यंत घातलेल्या बारीक नळीने दूध देतात. कधी एका वेळी १ मिलिलिटर, म्हणजे वीसेक थेंब. हे दूध आईचेच असावे. ते नसेल तर दुसऱ्या मातेचे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मातृदुग्धपेढी स्थापन झाली. आशियातील ती पहिली होय. ज्या मातांना अधिक दूध येते त्या ते देतात, ते ६२.५ अंश सेल्सिअस तापमानावर अर्धा तास निर्जंतुक करून, तपासून, गोठवून ठेविले जाते. कोणाची कोण माता, पण तिच्या दुधावर एखादे अनोळखी बाळ वाढते.

जेथे यंत्रे नाहीत तेथेही ही नजर उपयोगी पडते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजातांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. मिनिटाला श्वास किती, बाळ गार आहे काय, दूध ओढते काय, हे त्या पाहत. त्या परिचारिका नव्हत्या. परंतु तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली हा वृत्तान्तही 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

या व्यवसायात शिरू इच्छिणाऱ्याने शाळेतच विज्ञान, गणित आणि इंग्रजी यांच्याकडे लक्ष द्यावे. बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन उत्तीर्ण झाल्यावर परिचर्येची चार वर्षांची पदवी घेता येते. महाराष्ट्रात ही पदवी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. तीन वर्षांच्या पदविकेचाही मार्ग आहे. दोन्हींत सामान्य परिचर्येबरोबर प्रसूतिशास्त्र शिकावे लागते, आणि दोन्हींनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदविल्याशिवाय काम करता येत नाही. नवजातांचे खास शिक्षण त्यानंतर. भारतीय परिचर्या परिषदेने त्यासाठी एक वर्षाचा पदविका-अभ्यासक्रम आखला आहे. बालपरिचर्येतील पदव्युत्तर पदवीही घेता येते. मुलांनाही हा मार्ग मुलींइतकाच खुला आहे, जरी ही गोष्ट समाजाच्या गळी अजून पुरती उतरलेली नाही.

कष्टही सांगितले पाहिजेत. रात्रपाळी चुकत नाही. दिवाळीत, गणपतीत घरचे सारे एकत्र जमलेले असताना हिची पाळी लागते. यंत्रावर श्वास घेणाऱ्या एका अर्भकामागे एक परिचारिका असावी हे खरे. पण गर्दीच्या सरकारी रुग्णालयात एकीला अनेक अर्भके सांभाळावी लागतात आणि वेतन सर्वत्र सारखे नसते. आणि काही बाळे वाचत नाहीत. तेव्हा नळ्या काढून, अंग पुसून, दुपट्यात गुंडाळून ते बाळ मातेच्या हाती देण्याचे काम परिचारिकेलाच करावे लागते. काय बोलावे, हे पाठ्यपुस्तकात असते, पण त्या क्षणी बहुतेकजणी काही बोलत नाहीत. नुसत्या जवळ बसतात.

जी वाचतात ती एके दिवशी घरी निघतात. वजन नियमाने वाढू लागले आहे, अंगची ऊब टिकते आहे, बाळ स्वतः दूध ओढते आहे, हे पाहूनच त्यांना सोडले जाते. निघण्यापूर्वी परिचारिका मातेकडून सर्व गोष्टी एकदा करवून घेते आणि मग तिच्या हाती एक कार्ड देते. त्यावर डोळे तपासण्याची तारीख असते. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत-बाहेर, आणि अगदीच लहान असेल तर त्याहीपूर्वी व्हावी लागते. विकार वेळीच सापडला तर दृष्टी वाचविता येते, महिना-दोन महिने उशीर झाला तर पुष्कळदा येत नाही. घरी आलेले बाळ गुटगुटीत दिसू लागते, डोळे टपोरे असतात, आणि 'चांगले तर आहे, आता कशाला एवढ्या लांब जायचे?' असे घरातील वडील मंडळी म्हणतात. हे ठाऊक असल्यामुळे परिचारिका ती तारीख मातेला आणि आजीला, दोघींनाही, मोठ्याने वाचून दाखविते आणि दोघींकडून पुन्हा म्हणवून घेते.